गौरीच्या मापाचा खण

"गेल्या आठवड्यात काय काय खाल्लंत, काकू?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे काय काय?"

शर्वरी आहारतज्ज्ञ होती. वय असेल सव्वीस, आणि आवाज इतका मऊ की तिच्यावर रागावताही यायचं नाही. पुण्यातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर मी तिच्या काट्यावरून नुकतीच उतरले होते. तीन आठवडे मी दिवसाला आठशे कॅलरींवर होते. सकाळी पाण्यात कालवलेली प्रथिनांची पावडर, चव ओल्या खडूसारखी. दुपारी वाटीभर मुगाचं वरण, वाटीभर पालेभाजी आणि ताक. रात्री पुन्हा तोच खडू, आणि दुधीचं पाणी, ज्याला ती सूप म्हणायची. पहिल्या दोन आठवड्यांत मी चौऱ्याऐंशीवरून ऐंशीवर आले. तिसऱ्या आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढले.

"देवाशपथ सांगते," मी म्हणाले, "शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नाही."

"आणि तुमच्या ऑर्डरी?"

"त्या चालूच आहेत. श्रावण आहे ना. रोज कुठे सत्यनारायण, कुठे मंगळागौर. परवा एकशेदहा पानं होती."

"मग चव कोण घेतं?"

"मी. दुसरं कोण घेणार?"

तिनं पेनाचं टोपण काढलं. "कशी घेता, दाखवा बरं."

मी तळहाताची वाटी करून दाखवली. आमटी उकळली की एकदा, गूळ पडला की एकदा, मीठ पडलं की पुन्हा एकदा. पुरण शिजताना, वाटताना आणि मग परतताना. मसालेभाताचं शीत. जिलबीचा पाक बोटावर. कढी. चटणी, कारण मिरची कधी तिखट निघते कधी फुसकी. ती लिहीत गेली. खाली बेरीज करून तिनं कागद माझ्याकडे फिरवला. चारशे दहा.

"चव म्हणजे काय खाणं असतं का?" मी म्हणाले.

"लिव्हरला ते माहीत नसतं, काकू."

आठांतले पाच आठवडे उरले होते. माझ्या लिव्हरमध्ये शंभरात अठ्ठावीस भाग चरबी निघाली होती. ती दहाच्या खाली आली तर त्याचा तुकडा कापून माझ्या नणंदेला बसवता येणार होता. नाही आली, तर नाही. आणि त्यांच्याकडे दिवाळीच्या पलीकडचे दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला खोलीबाहेर बोलावून सांगितलं होतं.

नणंद म्हणजे प्रमिला, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. सांगलीला मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या, उदबत्तीसारख्या सरळ आणि तितक्याच बारीक. जन्मात दारूच्या बाटलीकडे न पाहिलेल्या बाईचं लिव्हर असं का वाळावं, म्हणून आम्ही विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, कधीकधी शरीर स्वतःवरच उलटतं.

"स्वभावच तसा आहे तिचा," हे म्हणाले, आणि मग जिन्यात जाऊन रडले.

मी लग्न होऊन कऱ्हाडला आले, माप ओलांडलं, तेव्हा दाराशी वन्सं उभ्या होत्या. "आली बाई आत," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, चौकट काढायला लागते की काय." त्या वर्षीच्या गौरींना त्यांनी देवीसाठी खण आणला. आमच्या घरी माहेरवाशिणीनं आणलेला खण गौरीला वाहतात, आणि विसर्जनानंतर तो घरच्या सुनेला देतात. मी घडी उलगडली. ऐंशी सेंटिमीटर. त्यात माझी एक बाही आणि अर्धी पाठ झाली असती.

"गौरीच्या मापाचा आहे," वन्सं म्हणाल्या. "बसशील त्यात, तेव्हा शीव."

तेवीस वर्षांत तेवीस खण. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ते घडी न मोडता पडून होते. मी त्यांच्यातला एकही कुणाला दिला नाही. का दिला नाही ते विचारू नका, मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

जुलैत डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून विचारलं, रक्तगट जुळणारं आणि पन्नाशीच्या आतलं कोण आहे? ह्यांना साखर, शिवाय छातीत स्टेंट. वन्संचे यजमान अडुसष्ट वर्षांचे. मूलबाळ नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. मी म्हणाले, "माझं ओ आहे."

पलंगावरून वन्संचा आवाज आला. "तिचं? त्यात तूप निघेल."

तपासणी झाली, आणि तूपच निघालं. 

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. डोळे पिवळे, पोटात पाणी, पण आवाज वर्गातलाच. "मला तिचं नको. घेणारीची सही लागते ना? मी करणार नाही. लिहून घ्या."

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, त्या नको म्हणतात तर कसं करायचं. मी म्हणाले, "त्यांच्या सहीचं मी बघते. तुम्ही माझ्या तुपाचं काय करायचं ते सांगा."

माझा भाऊ फोनवर म्हणाला, "शैले, डोकं फिरलंय का तुझं? ती बाई तुला जन्मभर टोचत आली."

"म्हणूनच," मी म्हणाले. 

तेव्हा माझं तेच कारण होतं, आणि मला ते पुरेसं वाटत होतं. तूप निघेल हे त्यांच्या तोंडचं वाक्य मला खोटं पाडायचं होतं.

*

पुण्याहून परतताना एसटीत मी एकच विचार करत होते. चव न घेता शंभर माणसांचा स्वयंपाक कसा करायचा. ऑर्डरी बंद केल्या असत्या तर पोट नाही, पण नाव गेलं असतं. वीस वर्षांत मी ते स्वयंपाकघरात उभी राहून मिळवलं होतं. शिकून नाही. दहावीला मी गणितातच नापास झाले, ही गोष्ट वन्संना लग्न ठरायच्या आधीपासून माहीत होती.

घरी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, ऐकायला कमी, पण ओट्यावर काय चाललंय ते त्यांना पाठ फिरवूनही कळायचं. मी त्यांना चारशे दहाची बेरीज सांगितली.

"मग नको घेऊस चव," त्या म्हणाल्या.

"आणि मीठ? शंभर पानांचं मीठ चुकलं तर?"

"नैवेद्याला कोण घेतं चव? साठ वर्षं मी गौरीचा स्वयंपाक केला. देवीच्या आधी जिभेला लावला का कधी? कुणी म्हटलं का खारट झालं म्हणून?"

"वन्सं म्हणायच्या. मीठ कमी."

"ती देवीलाही म्हणेल."

दुसऱ्या दिवसापासून त्या ओट्यापाशी पाटावर बसायला लागल्या. मीठ चमच्यानं नाही, मुठीनं घ्यायचं. मुठीला वजन कळतं. आमटीत मीठ पडलं की वाफेचा वास बदलतो, बोचरा होतो, मग गूळ पडला की तो बसतो. "नाक पुढे कर. तोंड मिट." पुरण झालं की उलथनं उभं राहतं, हे मलाही माहीत होतं, ते गोड किती झालं ते कडेला सुटणाऱ्या रसाच्या रंगावरून ओळखायचं, हे नव्हतं माहीत. पहिल्या आठवड्यात एक कढी फिकी गेली. यजमानीणबाईंनी फोन केला, "शैलाताई, बरं आहे ना तुमचं?" मी म्हणाले, बरं आहे, फक्त उपाशी आहे. त्यांना वाटलं, मी श्रावण करते आहे.

अख्ख्या गल्लीला तेच वाटत होतं. कुणी केळी आणून द्यायचं, कुणी साबुदाण्याची खिचडी. उपास म्हणजे बटाटा, दाणे, साबुदाणा, रताळं. उपास म्हणजे वजन वाढवायचा दिवस, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, मीच ती खिचडी वीस वर्षं विकलेली.

भुकेबद्दल एक सांगते. चार-पाच दिवसांनी पोट ओरडायचं थांबतं, असं शर्वरी म्हणाली होती, आणि ते खरं निघालं. पण पोट थांबलं की डोकं सुरू होतं. मला ताटं दिसायची नाहीत, पंचपक्वान्नंही नाहीत. भाकरीचा पापुद्रा दिसायचा. तव्यावरून उतरल्यावर फुटलेला, आत वाफ असलेला. हातपाय गार पडायचे, भर दुपारी स्वेटर घालून मी जिलब्या तळत होते. केस फणीत यायचे. आणि राग असा यायचा की ह्यांनी चहाची बशी वाजवली तरी मला रडू फुटायचं.

दर रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी हे मला घेऊन जायचे. आमचं बी-बियाण्यांचं दुकान. तिथे पोती तोलायचा काटा होता. घरच्या काट्यावर ह्यांचा विश्वास नव्हता. मी चपला काढून सोयाबीनच्या बियाण्याशेजारी उभी राहायची आणि हे चष्मा पुसून आकडा वाचायचे. चौथ्या रविवारी अठ्ठ्याहत्तर किलो पाचशे. पाचव्या रविवारी सत्त्याहत्तर दोनशे. वाचून झालं की ते फोन घेऊन बाहेर रस्त्यावर जायचे.

"कुणाला फोन करता हो इतक्या सकाळी?"

"कंपनीवाल्याला. माल यायचाय."

रविवारी कसली कंपनी उघडी असते, हे मला सुचायला डोक्यात साखर हवी होती. ती नव्हती.

*

गौरी आल्या त्या दिवशी संध्याकाळी वन्संनाही गाडीतून आणलं. डॉक्टरांनी दोन दिवसांची परवानगी दिली होती. यजमान सांगलीतच राहिले, त्यांना प्रवास झेपत नव्हता. वन्संचे हात काड्यांसारखे झाले होते आणि पोट सातव्या महिन्यासारखं. उंबऱ्यात त्या क्षणभर थांबल्या. मी त्यांच्या पायावर दूध-पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला.

माझ्याकडे त्यांनी खालपासून वर पाहिलं.

"आजारी दिसतेस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही झकास दिसता," मी म्हणाले.

ह्यांनी घाबरून दोघींकडे बघितलं. वन्संच्या तोंडाची एक बाजू जराशी हलली. हसू म्हणण्याइतकं नव्हतं ते. पिशवीतून त्यांनी खण काढला, हिरवा, तांबड्या काठाचा. ऐंशी सेंटिमीटर. मला मोजावा लागला नाही.

दुसरा दिवस जेवणाचा, आणि तो रविवार होता. पहाटे आधी दुकानात जाऊन मी काट्यावर उभी राहिले, शहात्तर भरले, आणि मग येऊन आंघोळ करून सोवळ्यात चूल पेटवली. पुरण, सोळा भाज्या, कढी, वडे, पंचामृत. वन्संसाठी वेगळ्या पातेलीत बिनमिठाचं वरण. त्यांना मीठ बंद होतं. तेवीस वर्षं मीठ कमी म्हणणाऱ्या बाईला. देव कधीकधी विनोद करतो, पण त्याला वेळ-काळ कळत नाही.

साडेदहाला त्यांनी आतल्या खोलीतून हाक मारली. "शैला, माझ्या पिशवीत गोळ्यांचा डबा आहे. बाहेरच्या खणात."

बाहेरच्या खणात डबा नव्हता. मी आतल्या खणात हात घातला. डबा लागला, आणि त्याला गुंडाळलेला एक कागद. तो उलगडला तर हिरव्या बारीक चौकटींचा, शाळेत असतो तसला आलेखाचा कागद. 

उभ्या रेघेवर खाली सत्तरपासून वर पंच्याऐंशीपर्यंत आकडे. वर डाव्या कोपऱ्यात चौऱ्याऐंशीशी एक ठिपका. मग साडेएक्क्याऐंशी. मग ऐंशी. पट्टीनं जोडलेले, टोकदार पेन्सिलीनं. ऐंशीनंतर रेघ किंचित वर गेली होती, आणि तिथे तांबड्या शाईत वर्तुळ करून लिहिलं होतं, "का?" मग साडेअठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर पॉइंट दोन. त्यापुढे अखंड रेघ संपली होती आणि तुटक रेघ सुरू झाली होती. ती उतरत उतरत कागदाच्या उजव्या कडेला एका उभ्या रेघेला जाऊन भिडत होती. तिथे माझ्या स्कॅनची तारीख लिहिली होती, आणि त्या तारखेखाली, बारीक, दोनदा अधोरेखित केलेलं: त्र्याहत्तर पॉइंट आठ.

ह्यांच्या रविवारच्या कंपनीचा पत्ता मला लागला.

मी तिथेच जमिनीवर बसले. वन्सं सही करणार नव्हत्या, त्यांना माझं नको होतं, त्यात तूप होतं. आणि दीड महिना ती बाई सांगलीत पलंगावर पडून, पोटात पाणी भरलेलं असताना, दर रविवारी उशी पाठीशी घेऊन माझा एक-एक ठिपका लावत होती. तुटक रेघ कोण काढतं? ज्याला पुढचं बघायचं आहे तोच ना.

पिशवीत पेन्सिलही होती. "का?" च्या खाली मी लिहिलं, "चव घेत होते." मग पुढे आजचा ठिपका दिला, शहात्तरवर, आणि कागद होता तसा गुंडाळून डब्यासकट नेऊन दिला. त्यांनी डबा घेतला. मी पाठ फिरवली.

*

दुपारी नैवेद्य दाखवला, आरती झाली. पंगत वाढली. पाच सवाष्णी बाहेरच्या, सहावी मी. मी ठरवलं होतं, पानावर बसायचं, हात जोडायचे आणि वरण-भाजी घेऊन उठायचं. पण सासूबाई काठी टेकत आल्या. त्यांच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं, वर तुपाची वाटी.

"आई, मला नको."

"देवीच्या पानावर नाही म्हणू नये."

"आई, चौदा दिवस राहिलेत."

"एक पोळी खाल्लीस तर काय होतंय? घरची लक्ष्मी गौरीच्या दिवशी उपाशी उठली तर..." त्यांचा आवाज फाटला. सगळ्या बायका थांबल्या. "लोक काय म्हणतील, लेकीसाठी सुनेला उपाशी मारली. मला तरी घास कसा जाईल गं? खा. एवढी खा."

आणि त्यांनी पोळी वाढली. वर तूप ओतलं. पोळीतून वेलदोड्याचा वास आला, जायफळाचा, आणि साठ दिवस न खाल्लेल्या गुळाचा. म्हणजे बेचाळीस, पण मला साठ वाटले. माझा हात पोळीकडे गेला, खोटं कशाला बोलू. मी तुकडा मोडलासुद्धा. त्या म्हातारीचे डोळे भरलेले होते, आणि मी थकले होते, आणि एका पोळीनं काय होतंय.

"आई, सर बाजूला. तिला मी वाढते."

वन्सं भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. कालपासून त्या पहिल्यांदाच आपणहून उठल्या होत्या. एक हात भिंतीवर, एक पोटाखाली, अशा त्या पंगतीतून चालत आल्या आणि माझ्यासमोर पाटावर हळूहळू बसल्या. माझ्या हातातला तुकडा त्यांनी काढून घेतला. ती सबंध पोळी उचलून शेजारच्या सवाष्णीच्या पानावर ठेवली.

"वाटी आण मापाची," त्यांनी ह्यांना सांगितलं. "मोठी नको. दीडशे मिलीची."

त्या वाटीनं त्यांनी वरण वाढलं, काठोकाठ नाही, काठाखाली बोटभर. वाटीभर पालेभाजी, तिच्यावरचं तेल पळीनं निथळून. काकडी, कूट न घातलेली. ताक. मग पोळीच्या कडेचा नखाएवढा कपटा मोडून पानाच्या कोपऱ्यात ठेवला.

"हा प्रसाद. सतरा कॅलरी. संध्याकाळच्या दुधीतून वजा कर."

"प्रमे," सासूबाई म्हणाल्या, "प्रसाद असा मोजून देतात का?"

"चिमूटभरच असतो प्रसाद, आई. पुस्तकात दिलंय."

"कुठल्या पुस्तकात?"

"गणिताच्या."

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण पदरानं डोळे पुसून दुसऱ्या पानाकडे वळल्या. वन्संनी आपलं पान माझ्याशेजारी मांडायला लावलं. एका पानावर अन्न नाही, एका पानावर मीठ नाही, अशा आम्ही दोघी भरल्या पंगतीत जेवायला बसलो.

थोड्या वेळानं, पानाकडेच बघत, त्या म्हणाल्या, "ठिपका चुकीच्या ठिकाणी दिलास."

मी घास घ्यायची थांबले.

"आडव्या रेघेवर दिवस असतात, शैला. एक चौकट म्हणजे एक दिवस. तू पुढच्याच चौकटीत ठिपका दिलास. म्हणजे तू एका रात्रीत सव्वा किलो उतरलीस. दहावीला नापास झालीस त्यात नवल नाही."

"सात चौकटी सोडायच्या होत्या?"

"सातव्या चौकटीत द्यायचा होता. खोडून दिलाय मी."

मी वरण कालवलं. कालवण्यासारखं त्यात काही नव्हतं. "वन्सं, सही का करत नाही तुम्ही?"

त्यांनी बिनमिठाच्या वरणाचा भुरका घेतला, तोंड वाकडं केलं. मग शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरला मी देणारीचा धोका विचारला. तू खोलीत नव्हतीस. म्हणाला, अगदी कमी. मी म्हटलं, आकडा सांगा. म्हणाला, हजारात तीन-चार जण जातात." त्यांनी वाटी खाली ठेवली. "माझ्या हाताखालून हजारो पोरी गेल्या. त्यातल्या तीन-चार म्हणजे काय, मला विचार. त्यांना नावं असतात."

"मग तूप कशाला म्हणालात?"

"नुसतं नको म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?"

मी पानातली काकडी उचलली.

"वाटलं होतं, चिडून मागे हटशील. तू चिडून पुढे गेलीस. उत्तर चुकलं माझं." त्यांनी ताकाची वाटी माझ्या पानाजवळ सरकवली. "ताक संपव. ते धरलेलं आहे आठशेत."

"मी एका अटीवर संपवीन."

"अटी घालू नकोस. करीन सही. पण स्कॅनमध्ये पास झालीस तरच."

"आणि नापास झाले तर?"

"पुनर्परीक्षा नाही," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. बरगड्या लागायला लागल्या होत्या माझ्या. तो हात तिथे जरा वेळ राहिला, जणू मोजत होता, आणि मग त्यांनी तो आपल्या पानाकडे नेला.

*

स्कॅन पितृपंधरवड्यात आला. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, की पितरांनाही घरातलं माणूस जगलेलं आवडेलच. माझं वजन त्र्याहत्तर पॉइंट नऊ भरलं. शंभर ग्रॅम जास्त झालं म्हणून वन्सं दोन दिवस कुरकुरत होत्या. चरबी आठ निघाली.

रक्ताचं नातं नसलं की एका समितीपुढे जावं लागतं. पाच जण टेबलामागे, समोर कॅमेरा. त्यातल्या एकानं विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "त्यांचाच. देऊ नको म्हणून."

"मग तुम्ही का देताय?"

तयारी करून गेले होते मी. प्रेम, कर्तव्य, कुटुंब, सगळं पाठ होतं. आणि तोंडातून निघालं, "साहेब, माझ्या कपाटात तेवीस खण आहेत, आणि आता एक चोविसावा. एकातही मी बसत नाही. ह्या गेल्या तर मला टोचून बोलायला घरात कुणी उरत नाही. सगळे गोड बोलतात. मला त्याची सवय नाही."

ते एकमेकांकडे बघायला लागले. कॅमेऱ्यामागचा माणूस हसला. परवानगी मिळाली.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. मी त्या हजारातल्या तीन-चारांत निघाले नाही. पोटावर एक व्रण आहे, तो थंडीत खाजतो. लिव्हर कापलं तरी परत वाढतं, असं डॉक्टर म्हणाले होते. वाढलं. बाकीचंही सगळं वाढलं. दुसऱ्या वर्षाच्या गौरींपर्यंत मी पुन्हा ऐंशीच्या पुढे होते. शर्वरीनं फोनवर मऊ आवाजात विचारलं, काकू, काय काय खाता? मी म्हणाले, सगळं. चवसुद्धा.

त्या वर्षी वन्संही भरल्या होत्या. गालांना गाल आले होते, हातात बांगड्या राहत होत्या. माझ्या पोटातलं थोडं तूप गेलं असणार तिकडे. मी त्यांच्या पायावर दूध-पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. त्यांनी मला खालपासून वर पाहिलं, आणि मी थांबले, आता येईल म्हणून. आलं नाही. पिशवीतून त्यांनी खण काढून गौरीपुढे ठेवला. जांभळा, सोनेरी काठाचा. घडी नेहमीपेक्षा जाड.

सासूबाईंनी तो उचलून हातावर उलगडला. उलगडत गेल्या. पाटाच्या खाली लोळला तरी संपेना.

"अगं प्रमे," त्या म्हणाल्या, "सव्वा मीटर असेल हा. गौरीला एवढा कशाला?"

"गौरीला कुठे लागतोय," वन्सं म्हणाल्या, आणि हातपाय धुवायला आत निघून गेल्या.